हातावरचे पोट आणि दुखणारा हात

गोरगरिबांच्या जगण्याला मराठीत एक नेमका शब्द आहे : हातावरचे पोट. या शब्दातल्या पोटाची चर्चा पुष्कळ झाली. रेशनवर, मजुरीच्या दरावर, महागाईवर मोर्चे निघाले आणि ते निघालेच पाहिजेत. परंतु ज्या हातावर हे पोट उभे आहे त्या हाताचे काय? तो किती वर्षे टिकतो? दुखायला लागला की त्याची दखल कोण घेतो? हा प्रश्न आमच्या चळवळीच्या व्यासपीठावरही क्वचितच आला. आज आम्ही तो जालना जिल्ह्यातल्या वीजतंत्र्यांच्या निमित्ताने मांडत आहोत. सरकारी कागदावर ज्याला वीजतंत्री किंवा तारतंत्री म्हणतात आणि वस्तीत ज्याला सगळे वायरमन किंवा लाइटवाला म्हणून हाक मारतात, त्या माणसाच्या हाताबद्दल आम्ही बोलत आहोत.

हे आत्ताच का? तर २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता लागू केल्या. कामगारांसाठी नवे युग सुरू झाले असे ढोल वाजले. कायदा मोठा की छोटा हे त्याच्या पानांवरून ठरत नाही. तो सर्वात शेवटच्या कामगारापर्यंत पोहोचतो की नाही यावरून ठरते. शिडीवर उभा राहून, मान वर करून, डोक्यावरच्या छतात पंख्याचा हूक घट्ट करणाऱ्या माणसाच्या मनगटापर्यंत हा कायदा पोहोचतो काय? एवढाच आमचा सवाल आहे.

बारा बलुत्यांत वीजवाला नव्हता

प्रथम हे समजून घेऊ की या धंद्याशी आपल्या समाजाचे नाते काय. गावगाड्यात प्रत्येक कामावर जातीचा शिक्का होता. लाकूड सुताराचे, लोखंड लोहाराचे, चामडे चांभाराचे आणि मेलेले ढोर ओढायचे काम महाराचे. कौशल्य जन्माने ठरत होते आणि अपमानही जन्मानेच ठरत होता. शहरातल्या गिरण्यांनीही हेच केले. मुंबईच्या कापडगिरण्यांमध्ये विणकाम खात्यात पगार जास्त होता, परंतु तिथे धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात शिरू दिले जात नव्हते. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता.

विजेच्या तारेला मात्र जात नव्हती. बारा बलुत्यांत वीजवाला नव्हताच. वीज गावात आली तेव्हा ती कुणाच्याही वतनात लिहिलेली नव्हती. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, पुढे मराठवाड्यातल्या गावागावांत खांब उभे राहिले, तालुक्याच्या ठिकाणी औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या आणि आमची पोरे राखीव जागांवर वीजतंत्री, तारतंत्री हे अभ्यासक्रम शिकून बाहेर पडली. ज्या वाड्याच्या उंबरठ्याच्या आत आजोबाला पाऊल टाकता येत नव्हते, त्याच वाड्यात नातू शिडी घेऊन थेट माजघरापर्यंत जाऊ लागला. कारण तिथला दिवा बंद पडला होता आणि तो लावायची अक्कल त्याच्याकडे होती. हे परिवर्तन लहान नाही. हातात झाडू आणि दोर होता, तिथे पक्कड आणि टेस्टर आला.

यात बाबासाहेबांचा वाटा केवळ प्रेरणेचा नाही. जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि त्याच खात्याकडे विजेच्या विकासाचा विषयही होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यांनी युद्धोत्तर वीजविकासावर धोरण समितीपुढे भाषण केले. स्वस्त आणि भरपूर वीज असल्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय शेतीवर कोंडलेल्या माणसाची गरिबीतून सुटका नाही, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. याच काळात १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम दिले गेले, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. वीज आणि वीज वाहून नेणाऱ्या कामगाराचे शरीर, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या टेबलावर होत्या. पुढच्या राज्यकर्त्यांनी त्यातली वीज तेवढी उचलली. शरीर मागे राहिले.

जालन्यात हात काय काय करतो

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला जालना जिल्हा देशाच्या नकाशावर दोन गोष्टींसाठी ओळखला जातो : बियाणे आणि पोलाद. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या आणि रोलिंग मिल इमारतीच्या सळया ओततात. या सगळ्या उद्योगाच्या पाठीमागे वीज आहे आणि विजेच्या पाठीमागे वीजतंत्री आहे. भट्टीजवळच्या पॅनेलवर केबलचे जाड लग दाबून बसवणारा तो. बियाणे प्रक्रियेच्या आणि जिनिंगच्या कारखान्यात मोटार बदलणारा तो. बदनापूर, अंबड, घनसावंगीच्या मोसंबीच्या बागेत जळालेला पंप उघडणारा तो. भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठ्याच्या बाजारपेठेत टपरीएवढ्या दुकानात बसून मोटार रिवायंडिंग करणारा, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे बोटांनी मोजून खोबणीत भरणारा तो. आणि नव्या घराच्या भिंतीला कटरने झिरी मारून, पाइप पुरून, त्यातून वायर ओढणाराही तोच. चौदा एप्रिलला वस्तीत जी रोषणाई होते, विहाराच्या कळसावर जी माळ चढते, ती चढवणारा हातही बहुधा त्याचाच असतो, आणि त्या दिवशी तो मजुरी मागत नाही.

आता या हाताकडे जरा निरखून पाहा. दिवसभरात पेचकस शेकडो वेळा पिळायचा. पक्कड शेकडो वेळा आवळायची. ड्रिल मशीनचा थरकाप दोन्ही पंजांनी झेलायचा. वायर अडकली तर ती पंजाला गुंडाळून हिसका द्यायचा. छताचे काम असेल तर हात खांद्याच्या वर आणि मनगट वाकडे. घरगुती वायरिंगचा दर पॉइंटवर ठरतो. जितके पॉइंट तितके पैसे. म्हणजे हाताला पाच मिनिटे विसावा दिला की तेवढ्या पैशांचे नुकसान. विश्रांतीलाच दंड लावणारी ही मजुरीची पद्धत आहे. दुखण्याचे मूळ मनगटात आहे तेवढेच या दरपत्रकातही आहे.

मग एके रात्री तो झोपेतून उठतो. हाताला मुंग्या आलेल्या असतात. हात झटकला की बरे वाटते, पुन्हा झोप लागते, पुन्हा मुंग्या. सकाळी मूठ वळत नाही. काही दिवसांनी एक बोट वाकते ते वाकलेलेच राहते, दुसऱ्या हाताने सरळ केले की कट्कन आवाज होतो. कधी काम चालू असतानाच पंजाला पेटका येतो आणि पक्कड हातातून गळते. घरातले म्हणतात, नसेवर नस चढली. कुणी तेल लावून देतो, कुणी नस बसवणाऱ्याकडे नेतो, मेडिकलवाला दहा रुपयांत दोन गोळ्या देतो. ठेकेदार म्हणतो, कालपर्यंत तर बरा होता, आज कामचुकारपणा करतो. आणि आमच्या माणसाच्या बाबतीत या 'कामचुकार' शब्दाला एक जुना जातीय वासही असतो, तो वेगळा सांगायला नको.

दुखण्याला नाव असते

दुखण्याला नाव नसले की ते नशीब होते. नाव मिळाले की तो प्रश्न होतो आणि प्रश्नाला उत्तर मागता येते. म्हणून आम्ही नावे सांगतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल, रात्री त्रास वाढत असेल, तर मनगटाच्या बोगद्यातून जाणारी मधली नस दाबली जात आहे. डॉक्टर याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. करंगळीच्या बाजूला मुंग्या येत असतील तर दाबली जाणारी नस वेगळी आहे आणि बहुधा ती कोपराजवळ अडते. वाकून अडकणारे बोट म्हणजे ट्रिगर फिंगर. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल तर तिथल्या स्नायूरज्जूच्या आवरणाला सूज आहे. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर पिळण्याच्या आणि आवळण्याच्या कामाचा तो ताण आहे. ड्रिल आणि कटर वर्षानुवर्षे चालवणाऱ्याची बोटे थंडीत पांढरी पडून सुन्न होतात, तो थरकापाचा आजार.

पेटक्यांचे गणित निराळे आहे. जालन्याचा मे महिना आणि भट्टीची धग एकत्र आली की घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. नुसते पाणी पीत राहिले तर अंगातले मीठ आणखी पातळ होते आणि स्नायू आकडतात. इंग्लंडच्या खोल कोळसाखाणींतल्या कामगारांवर १९२० च्या दशकात झालेल्या अभ्यासातून हे स्पष्ट झाले होते. याशिवाय मधुमेह, थायरॉइड, रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवीची गोळी यांमुळेही पेटके येतात आणि नस दाबण्याचा त्रासही मधुमेह, थायरॉइड असलेल्यांना जास्त होतो. म्हणून सगळा दोष कामावर ढकलून साखर तपासायची टाळणे हेही घातक आहे.

वीजतंत्र्याच्या बाबतीत हे दुखणे जिवावर बेतू शकते, हे विसरता कामा नये. घरातल्या विजेचा सुमारे दहा मिलिअँपिअर एवढासा प्रवाह हातातून गेला तरी पंजाचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली तार सोडता येत नाही. अशा धंद्यात बोटांची जाण आणि पकड हीच माणसाची ढाल. ज्याच्या बोटांना स्पर्शच नीट कळत नाही, ज्याच्या हातातून पक्कड गळते, तो खांबावर किंवा शिडीवर असेल तर त्याचे काय होईल? दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'विजेच्या धक्क्याने मृत्यू' एवढीच ओळ येते. त्याआधी दोन वर्षे तो हात बधिर होता, हे कुठल्याच पंचनाम्यात लिहिले जात नाही.

जग काय म्हणते, आमचा कायदा काय म्हणतो

कामामुळे हात निकामी होतो हा शोध आजचा नाही. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितले की रोग्याला त्याचा धंदा विचारा. १७१३ च्या आवृत्तीत त्यांनी लेखनिकांच्या दुखऱ्या हाताचेही वर्णन केले. १९०८ साली ब्रिटनने तारखात्यातल्या कामगारांच्या हाताचे पेटके नुकसानभरपाईच्या यादीत घातले. म्हणजे विजेच्या तारेवरून संदेश पाठवणाऱ्या हाताला शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी एका देशाच्या कायद्यात जागा मिळाली होती. १९१८ साली अमेरिकेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातल्या दगडकामगारांची पांढरी पडणारी बोटे तपासून थरकापाच्या हत्यारांचा दोष दाखवून दिला. युरोपीय संघाने २००२ मध्ये हाताला दिवसभरात किती थरकाप बसू द्यायचा याची मर्यादाच घालून दिली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या सुधारित यादीत तर कार्पल टनेल, अंगठ्याच्या रज्जूंची सूज, कोपराचे दुखणे ही सगळी नावे व्यवसायजन्य आजार म्हणून आहेत.

आमच्याकडे काय आहे? १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा आणि त्याचाच सांगाडा पुढे चालवणारी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता. आजारांच्या यादीचा भर शिसे, पारा, बेंझिन अशा विषांवर आणि फुप्फुसात जाणाऱ्या धुळीवर आहे. तोही हवाच, त्याला आमचा विरोध नाही. परंतु यादीत नसलेल्या आजाराला भरपाई हवी असेल तर तो कामावरच्या एखाद्या ठरावीक अपघातातून थेट उद्भवला हे कामगाराने दाखवायचे. आता सांगा, पंधरा वर्षांत लाखो वेळा पिळलेल्या पेचकसातला नेमका कोणता पीळ हा 'अपघात'? शिवाय यादीतल्या आजारांच्या एका मोठ्या गटासाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिने काम केलेले असावे लागते. आज या ठेकेदाराकडे, पंधरा दिवसांनी त्या ठेकेदाराकडे राबणाऱ्या वीजतंत्र्याने हे सहा महिने कुठून आणायचे? भिंत तुटून पडली तर ती बातमी होते. झिजून गेली तर कुणालाच दिसत नाही. आमच्या कायद्याला हात तुटलेला दिसतो, झिजलेला दिसत नाही.

नव्या संहितांनी हे अंतर कमी केले काय? सरकार सांगते की चाळीस वर्षांवरील कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी होईल. चांगली गोष्ट आहे. पण अठराव्या वर्षी पक्कड धरणारा मुलगा चाळिशीला पोहोचेपर्यंत त्याच्या हाताने बावीस वर्षे काढलेली असतात. आणि ती तपासणी मिळणार कोणाला? कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होते. कारखाना ठरण्यासाठी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी केंद्रीय कायद्यात दहा कामगारांची अट होती, ती आता वीस झाली. कंत्राटी कामगारांसाठी केंद्रीय कायद्यातली वीसची अट पन्नास झाली. अट वाढली म्हणजे छत्री लहान झाली. मोटार रिवायंडिंगच्या दुकानात दोन माणसे असतात. घराच्या वायरिंगवर एक मिस्त्री आणि एक हेल्पर असतो. ते या छत्रीखाली येणार कसे?

बांधकाम कामगारांच्या बाबतीत तर अधिक बारकाईने वाचले पाहिजे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने वीजकाम करणाऱ्यालाही बांधकाम कामगार मानले. मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केलेल्या, अठरा ते साठ वयाच्या कामगाराला कल्याणकारी मंडळात नोंदणीचा हक्क मिळाला. त्या कायद्यात स्वतःच्या राहण्याचे दहा लाखांपर्यंतचे घर वगळलेले होते. नव्या संहितेत ही मर्यादा पन्नास लाखांवर गेली आणि दहापेक्षा कमी कामगारांचे कामही व्याख्येबाहेर ठेवले गेले. जालन्यात, अंबडमध्ये, परतूरमध्ये साधा माणूस घर बांधतो ते किती लाखांचे बांधतो? आणि त्यावर एका वेळी किती वायरमन असतात? म्हणजे आमचा वीजतंत्री जिथे सर्वात जास्त काम करतो, तेच काम कायद्याच्या व्याख्येतून निसटते. घर बांधणाऱ्या गरिबावर उपकर लादा असे आम्ही म्हणत नाही. परंतु उपकरातून सूट मालकाला मिळावी, हक्कातून सूट कामगाराला मिळू नये, एवढा फरक राज्यकर्त्यांना कळायला हवा होता.

शिका, म्हणजे हातही वाचवा

कायदा बदलेपर्यंत हात थांबणार नाही. म्हणून जे आज, स्वतःच्या बळावर करता येते तेही सांगितले पाहिजे. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले त्यात स्वतःच्या शरीराची ओळख करून घेणेही येते.

पहिली गोष्ट, मनगट सरळ ठेवा. वाकलेल्या मनगटाने आवळलेली पकड नसेवर सर्वात जास्त भार टाकते. हात वाकडा करण्यापेक्षा शिडी सरकवा, उंची बदला. दुसरी, हत्यार बदला. बोथट कटरला दुप्पट जोर लागतो आणि तो जोर शेवटी आपल्याच हातातून जातो. बारीक मुठीपेक्षा जाड मुठीचा पेचकस बरा. शंभर स्क्रू पिळायचे असतील तर बॅटरीवरचा ड्रायव्हर ही चैन नाही. एकट्याला परवडत नसेल तर चौघांनी मिळून घ्यावा. मुठीवर सायकलची ट्यूब गुंडाळून पकड सुधारते हे खरे, पण ती ट्यूब म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. काम लाइन बंद करून, तपासून, मगच. तिसरी, वायर पंजाला गुंडाळून ओढू नका, लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा आणि पाइपात शंखजिऱ्याची पूड वापरा. तळहाताने ठोकून काही बसवू नका, त्यासाठी हातोडी आहे. चौथी, कामाची अदलाबदल करा. झिरी मारण्याचे काम एकानेच दिवसभर करू नये, हेल्परबरोबर पाळी लावा, मशीन गरजेपेक्षा घट्ट धरू नका. अर्ध्या तासाने दोन मिनिटे बोटे उघडा, पसरा, खांदे सैल सोडा. दोन मिनिटांत एखादा पॉइंट बुडेल, पण हात वाचेल.

उन्हाळ्यात आणि भट्टीजवळ पाण्याबरोबर मीठ-साखरेचे पाणी किंवा सरकारी दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी घ्या. ज्यांना रक्तदाब किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच. पेटका आला तर हिसका न देता तो स्नायू हळूहळू ताणा, चोळा. रात्री मुंग्या येत असतील तर मनगट सरळ ठेवणारा पट्टा झोपताना बांधा. अनेकांना सुरुवातीच्या काळात याचाच उपयोग होतो. वेदनाशामक गोळी हे औषध आहे, खुराक नव्हे. महिनोन्‌महिने, त्यातही उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्या आतड्यांना आणि किडनीला खातात. हात वाचवताना किडनी घालवायची काय?

आणि काही लक्षणांना थांबू नये. बधिरपणा दिवसभर राहू लागला, वस्तू हातातून पडू लागल्या, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर नस कायमची मरण्याच्या वाटेवर आहे. तेव्हा मालिश नव्हे, डॉक्टर. गरज असेल तर मनगटात सुई किंवा लहानशी शस्त्रक्रिया करून नस मोकळी करता येते, पण ती वेळेवर. जालन्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, छत्रपती संभाजीनगरची घाटी आपल्याला नवी नाही. तिथे गेल्यावर एक गोष्ट आवर्जून करा : डॉक्टरांना आपला धंदा सांगा आणि केसपेपरवर तो लिहून घ्या. रामाझ्झिनींनी तीनशे वर्षांपूर्वी वैद्यांना जे विचारायला सांगितले ते आपल्याकडे विचारले जात नसेल, तर आपणच सांगावे. 'हात दुखतो' आणि 'वीस वर्षे वायरिंग करणाऱ्याचा हात दुखतो' या दोन ओळींत रोगाचा आणि हक्काचा फरक आहे. उद्या यादीत नाव घालायची लढाई होईल तेव्हा हेच कागद पुरावा होतील.

संघटित व्हा, पण कशासाठी?

फक्त काळजी घ्या असे सांगून आम्ही हात झटकणार नाही. पट्टा बांधून व्यवस्था बदलत नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू दाखवले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. वीजतंत्र्याच्या हाताला हे दोन्ही भेटतात. एक त्याचे दुखणे कामचुकारपणात मोजते, दुसरी ते हिशेबातच धरत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये मान्य केलेले हाताचे आजार आमच्या कायद्याच्या यादीत नावानिशी यावेत. एकाच मालकाकडे सलग सहा महिन्यांची अट फिरत्या कामगाराला लागू नसावी, धंद्यातली एकूण वर्षे धरली जावीत. लहान घरांवर काम करणाऱ्या वीजतंत्र्याची कल्याणकारी मंडळातली नोंदणी कोणत्याही व्याख्येच्या खेळात जाऊ नये. वार्षिक तपासणीत रक्तदाबाबरोबर हाताची पकड आणि बोटांची जाणही तपासली जावी आणि ती चाळिशीची वाट न पाहता. वीजतंत्री आणि तारतंत्री अभ्यासक्रमात शॉकपासून बचाव जसा शिकवतात तसा झिजण्यापासून बचावही शिकवावा. ज्या हातांनी हे काम होणार नाही असे ठरेल त्यांना देखरेख, मीटर तपासणी, प्रशिक्षण अशा हलक्या कामांत सामावून घेण्याची सक्ती असावी. ऊसतोडीला जाणाऱ्या आणि कापूस वेचणाऱ्या हातांनाही याच मागण्यांचा आधार मिळेल, कारण झिजणारा हात सगळ्यांचा सारखाच असतो.

चळवळीनेही आपल्या घरापासून सुरुवात करावी. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा काढून प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एक दिवस विहारात हातांची तपासणी ठेवता येईल. आपल्या समाजात डॉक्टर झालेली मुले-मुली आहेत, त्यांनी त्या दिवशी दोन तास द्यावेत. वायरमन बांधवांनी पॉइंटचा दर एकमेकांच्या खाली पाडण्याऐवजी तालुक्यापुरता एकच दर ठरवावा. दर टिकला तर विश्रांती टिकेल आणि विश्रांती टिकली तर हात टिकेल. १ मे हा जगाचा कामगार दिन, महाराष्ट्राचा स्थापना दिन आणि जालना जिल्ह्याचाही जन्मदिवस. येत्या १ मे रोजी जालन्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर वीजतंत्र्यांचे एक निवेदन जावे, त्यावर सह्या असाव्यात आणि ज्यांच्या बोटांना आता पेन धरवत नाही त्यांनी अंगठा उमटवावा. शिकलेल्या माणसावर अंगठा उमटवायची वेळ का आली, हे त्या साहेबांना विचारू द्या. मग उत्तर द्यायला आपण आहोतच.

जय भीम.